दहाव्याच्या भजनासाठी अभंग लिहिताना

घरातलं माणूस गेलं की दहा-तेरा दिवस रोज संध्याकाळी भजन बसतं, निदान वारकरी घरांत तरी. तिथे संतांचे अभंग म्हटले जातात आणि ते पुरेसेही असतात. तरी कधी लेकीला, नातवाला किंवा मंडळातल्या एखाद्या टाळकऱ्याला वाटतं, की गेलेल्या माणसाचं स्वतःचं असं एक गाणं असावं. तो अभंग कसा बांधायचा, कुठे फसतो आणि रडणाऱ्या गळ्यातून तो निघेल अशी सोय कशी करायची, याबद्दल हे लेखन आहे.

दुःखाचं गाणं मोठ्या शब्दांवर उभं राहत नाही. ते उभं राहतं एखाद्या चष्म्यावर, काठीवर, ओसरीवरच्या रिकाम्या जागेवर. देवाला विचारलेला एक सरळ प्रश्नही त्याला लागतो. बाकीचं काम छंद करतो.

दुःख लिहिण्याची जुनी वाट

शके १२१८, म्हणजे १२९६ साली, आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग आहेत. त्यांत भावंडांचं रडणं आहे, जमलेल्या संतांची तगमग आहे, आणि स्वतः विठ्ठलही तिथे शोक करतो. देव वर बसून सांत्वन करत नाही, तो रडणाऱ्यांत येऊन बसतो. तुकोबांच्या अभंगात १६३० च्या सुमाराचा दुष्काळ येतो. पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, असं ते नुसतं सांगतात. विशेषण जवळजवळ नाहीच. लिहायला बसण्याआधी हे दोन्ही अभंगगट मोठ्याने वाचा. चाल नको, नुसते वाचा. दुःख सांगताना शब्द किती कमी लागतात, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही नियमातून कळणार नाही.

पहिले तीन-चार दिवस फक्त टिपणं

पहिल्या तीन-चार दिवसांत कविता लिहू नका. घरात माणसं येत-जात असतात, बोलत असतात, आणि त्यांच्या बोलण्यातच तुमचा अभंग असतो. खिशात एक लहान वही ठेवा. भेटायला आलेल्यांना तीन गोष्टी विचारा: गेलेली व्यक्ती हाताने काय करायची, कुठे बसायची, आणि रोज कुठला शब्द तिच्या तोंडात असायचा. ‘स्वभाव कसा होता’ हे मात्र विचारू नका. त्याला ‘फार प्रेमळ’ एवढंच उत्तर येतं आणि त्यावर कडवं होत नाही.

पंचवीस-तीस नोंदी झाल्या की थांबा. त्यातल्या चार-पाचच वापरायच्या आहेत. निवडताना एकच कसोटी लावा: ही ओळ शेजारच्या घरातल्या मयतालाही लागू पडेल का? पडत असेल तर ती गाळा. ‘सर्वांवर माया केली’ कोणालाही लागू पडतं. ‘पोथीत खूण म्हणून एसटीचं तिकीट घालायची’ हे एकाच बाईला लागू पडतं.

वस्तूंच्या बाबतीत घरची रीत विचारून घ्या. गळ्यातली माळ देहाबरोबर गेली असेल आणि अभंगात ती खुंटीला टांगलेली असेल, तर ऐकणाऱ्यांचा जीव तिथेच अडकतो, पुढचं ऐकू येत नाही.

छंद: मोठा की लहान

अभंगाचे दोन साचे सगळ्या भजनी मंडळींच्या कानात बसलेले असतात.

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. पहिलाही जुळला तर चांगलंच. चौथा सुटा. हरिपाठ बहुतेकांच्या कानावर असतो, तोच हा साचा.

लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि दोन्हींच्या शेवटी यमक. उदाहरणार्थ:

गाय हंबरे गोठ्यात ।
बाबा नाहीत घरात ॥
त्यांची काठी दारापाशी ।
बोले रोज उंबऱ्याशी ॥

लहान अभंग झरझर पुढे जातो. म्हणायला सोपा, पाठ व्हायलाही सोपा, म्हणून नातवंडं म्हणणार असतील तर हाच घ्या. पण यमक दर आठ अक्षरांनी येतं आणि कडवी वाढली की बडबडगीताची छाया पडते. चार कडव्यांच्या पुढे जाऊ नका.

शोकासाठी मोठा अभंग जास्त चांगला, आणि त्याचं कारण त्या चौथ्या चरणात आहे. सोप्या चालीत एका चरणाला आठ मात्रांचं एक आवर्तन मिळतं. सहा अक्षरांना सहा मात्रा लागतात, दोन उरतात, तेवढ्यात श्वास घेता येतो. चौथ्या चरणाला चारच अक्षरं, म्हणजे चार मात्रा मोकळ्या. त्या मोकळ्या जागेत टाळ वाजत राहतो आणि म्हणणाऱ्याला आवंढा गिळता येतो. ज्याचा गळा दाटणार आहे त्याला ही जागा फार मोलाची असते.

अक्षरं मोजण्याची रीत साधी आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. जोडाक्षर एकच अक्षर, अनुस्वाराचं वेगळं अक्षर नाही. शब्दाच्या शेवटचं अक्षर आपण बोलताना अर्धं म्हणतो, पण मोजताना ते पूर्ण धरायचं: ‘पाय’ दोन, ‘घरात’ तीन. ‘विठ्ठला’ तीन, ‘म्हणे’ दोन. संतांच्या अभंगांतही एखादं अक्षर कमी-जास्त असतं आणि गाणारा ते सावरून घेतो. तुम्हालाही एवढी मोकळीक आहे, पण पूर्ण अभंगात एक-दोन ठिकाणीच.

एक अभंग बांधून पाहू

वहीत एक वाक्य आहे: ‘आईचा चष्मा अजून कोनाड्यात तसाच ठेवलेला आहे.’ एकवीस अक्षरं. आपल्याला बारात बसवायचं आहे. आधी ‘आहे’ काढा, अभंगाला क्रियापदाची ही शेपटी सहसा लागत नाही. मग ‘आईचा’ काढून तिलाच हाक मारा. ‘अजून’ आणि ‘तसाच’ एकच सांगतात, दोन्ही जाऊ द्या, कारण तो भाव ‘राही’ या एका शब्दात येतो.

चष्मा तुझा आई । कोनाड्यात राही ।
पोथी रोज पाही । वाट तुझी ॥

हे पहिलं कडवं. इथे ‘दुःख’ हा शब्द नाही आणि पुढेही येणार नाही.

दुसरं कडवं ध्रुपदाचं. गाथेत ‘ध्रु’ अशी खूण बहुतेक दुसऱ्या कडव्यानंतर असते, तशीच ठेवा. लिहिताना मात्र ध्रुपद सर्वांत आधी लिहा. प्रत्येक कडव्यानंतर तेच परत येणार, दहा-बारा वेळा म्हटलं जाणार, म्हणून ते दहाव्यांदाही म्हणावंसं वाटलं पाहिजे. ध्रुपदात तपशील कमी आणि हाक जास्त असावी.

ये रे पांडुरंगा । बैस ओसरीला ।
घर हे आईला । शोधताहे ॥

देवाला घरी बोलावलं आहे. ‘आईला परत आण’ असं मागणं नाही, ‘तिला सुखात ठेव’ असंही नाही. बस एवढंच. दहाव्या दिवशी माणसाला एवढंच सुचतं आणि ते खरं असतं.

तिसरं कडवं तक्रारीचं. इथे बहुतेक लिहिणारे घाबरतात. देवाशी भांडणं म्हणजे श्रद्धा सुटणं, असं त्यांना वाटतं. आपल्या परंपरेत असं कधीच नव्हतं. नामदेव आणि जनाबाई यांनी विठोबाला जे ऐकवलंय ते आपण शेजाऱ्यालाही ऐकवणार नाही. भांडण करायला समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं, तेवढी श्रद्धा तक्रारीत असतेच.

तुझ्या वारीसाठी । झिजविले पाय ।
तरी दिले काय । सांग देवा ॥

चौथ्या कडव्यात उत्तर द्यायचा मोह होतो. ‘देवाने जवळ घेतले’, ‘आता ती वैकुंठी सुखात’ असं लिहून कडवं बंद करावंसं वाटतं. मनापासून तसं वाटत असेल तर जरूर लिहा. पण नुसतं कडवं पुरं करायला लिहिलं, तर ज्याचं माणूस गेलं त्याला ते लगेच कळतं आणि पुढे तो गात नाही. उत्तर नसेल तर नाही म्हणा.

उत्तर न येई । ओठ मिटलेले ।
हात जोडलेले । सुटेनात ॥

शेवटचं कडवं नाममुद्रेचं, म्हणजे रचणाऱ्याचं नाव येतं ते. इथे दोन गोष्टी पाळा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ असं कधीही घालू नका. आपली रचना संतांच्या नावावर चढवणं ही लबाडी आहे. अशाच प्रक्षेपांनी गाथांच्या अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या त्रास दिला आहे. दुसरं, स्वतःचं नावही शक्यतो टाळा. अभंग सगळ्या घराचा आहे, म्हणून नात्याची मुद्रा घ्या: ‘लेक म्हणे’, ‘नातू म्हणे’, ‘सून म्हणे’. अक्षरंही चारच लागतात.

लेक म्हणे आता । तुळस मी घेते ।
वाट मला नेते । पंढरीला ॥

आईच्या डोक्यावर वारीत तुळशीवृंदावन असायचं हे इथे न सांगता कळतं. ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना तर फारच कळतं.

पाच कडवी झाली. एवढीच ठेवा. प्रत्येक कडवं दोनदा आणि मागून ध्रुपद दोनदा, असं संथ लयीत म्हणताना सात-आठ मिनिटं सहज जातात.

नेहमी चुकतं ते

‘आई तू गेलीस । सोडून आम्हाला’ या ओळी मोजा. सहा आणि सहा, बिनचूक. तरी त्यांत काही नाही. अक्षरं बरोबर आली की लिहिणारा निश्चिंत होतो, आणि पोकळ ओळी सगळ्यात जास्त इथूनच येतात. मोजणी हे शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे.

दुसरा दोष चौकातल्या फलकांच्या भाषेचा. ‘क्रूर काळ’, ‘दुःखाचा डोंगर’, ‘अश्रूंच्या धारा’, ‘पोरके झालो’, ‘पंचतत्त्वात विलीन’. हे शब्द श्रद्धांजलीच्या जाहिरातींत इतके वापरले गेलेत की कान त्यांच्यावरून घसरतात. लिहून झाल्यावर असे शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी घरातली एक वस्तू ठेवा.

तिसरा, जुनी भाषा उसनी घेणं. ‘तयाचिये’, ‘करोनिया’, ‘जाहलें’ असं घातलं की अभंग जुना वाटेल ही समजूत चुकीची आहे. एक चरण सातशे वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्यात एसटीचं तिकीट, असं होतं. आजची मराठी अभंगात छान बसते. ‘मज’, ‘तुज’, ‘न येई’, ‘पाहे’ असे चार-सहा शब्द आजही कानाला परके नाहीत आणि अक्षर वाचवायला कामी येतात. तेवढेच घ्या.

चौथा, ‘तू’ आणि ‘तुम्ही’. विठ्ठल ‘तू’, आई बहुतेक घरांत ‘तू’. वडील मात्र पुष्कळ घरांत ‘तुम्ही’. अभंगात जमावं म्हणून त्यांना ‘तुझी काठी’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना ते खुपतं, कोणी बोलून दाखवणार नाही एवढंच. ‘तुझी’ दोन अक्षरं, ‘तुमची’ तीन. ‘बाबा तुमची काठी’ सात होतात. ‘बाबा’ काढा, ‘तुमची ही काठी’ करा, सहा झाली. हाक ध्रुपदात येऊ द्या.

यमकासाठी वाक्य उलटंपालटं करू नका. ‘आठवण तुझी येते मला फार’ हे ‘दार’शी जुळावं म्हणून लिहिलंय हे लगेच दिसतं. यमकात शेवटचं अक्षर तर जुळावंच, त्याआधीचा स्वरही जुळला पाहिजे. ‘घेते’ आणि ‘नेते’ कानाला जुळतात. ‘घेते’ आणि ‘जाते’ फक्त कागदावर.

आणि काही गोष्टी अभंगात येऊच देऊ नयेत: आजाराचं नाव, दवाखान्यातले शेवटचे दिवस, कोण वेळेवर आलं नाही, कोणाशी अबोला होता. हे सगळं खरं असेल, पण दहाव्याला सगळं गोत समोर बसलेलं असतं, आणि गाण्यातला ठपका परत घेता येत नाही.

लहान मूल गेलं असेल तर ‘देवाला आवडलं’ हे शब्द नकोत. त्या आईबापांना ते आधीच शंभरदा ऐकवले गेलेले असतात. तिथे अभंग लहान करा, दोनच कडवी, त्यात मुलाचं घरातलं लाडाचं नाव, आणि तक्रारीचं कडवं घ्यायचं की नाही हे आईवर सोडा.

चाल, पट्टी, ठेका

नवी चाल बांधू नका. मंडळाला दोन दिवसांत नवी चाल बसत नाही, आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून म्हणणं हेच मुख्य. सहा-सहा-सहा-चारचा साचा नीट पाळला असेल तर त्याच साच्यातल्या कुठल्याही पारंपरिक अभंगाची चाल तुमच्या शब्दांना बसते. मंडळाच्या बुवांना विचारा. शब्द वाचून ते लगेच दोन-तीन चाली म्हणून दाखवतील. संथ आणि मध्य सप्तकातच फिरणारी चाल निवडा. तार सप्तकात जाणारी चाल रियाज असलेल्यालाही अशा दिवशी साधत नाही.

सकाळ असेल तर जोगिया किंवा अहिर भैरवाच्या अंगाची चाल शोभते, संध्याकाळी पिलू, भीमपलास. भैरवी नको. मन भैरवीकडेच धावतं, पण भैरवी झाली म्हणजे भजन संपलं असा संकेत आहे आणि तुमचा अभंग मध्ये येणार आहे.

पेटीवर नेहमीच्या पट्टीपेक्षा एक पायरी खाली या. काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गाणारीने काळी तीन घ्यावी, काळी दोनवाल्याने काळी एक. रडून रडून गळा बसलेला असतो, आवाज वर जात नाही, आणि वर ओढायला गेलं की हुंदका फुटतो.

ठेका आठ मात्रांचा, भजनी किंवा धुमाळी. पखवाजवाल्यांना आधीच सांगा की लय वाढवायची नाही. भजनात शेवटाकडे लय चढवायची सवय हाताला लागलेली असते, न सांगता ती चढतेच. टाळ दोन-तीन जोड पुरेत. घराच्या ओसरीत वीस टाळ वाजले की शब्द बुडतात, आणि हे शब्द लोक पहिल्यांदाच ऐकत असतात.

चरणाच्या शेवटी आ, ई, ए असे लांबवता येणारे स्वर असले की गाणाऱ्याला बरं पडतं. ‘राही’, ‘ओसरीला’ लांबतात. ‘पाय’, ‘काय’ यांत ‘य’ लांबवायला गेलात तर फसगत होते. तिथे ‘पाऽय’ असं, ‘पा’वर थांबा.

भजनात जागा कुठे

‘जय जय राम कृष्ण हरी’ झालं, विठ्ठलाच्या रूपाचा अभंग झाला, संतांचे आणखी दोन-तीन झाले, की मग तुमचा. त्याच्या मागे लगेच पुन्हा संतांचा अभंग घ्या, म्हणजे लोक सावरतात.

कीर्तनासाठी बुवांकडे हट्ट करू नका. वारकरी कीर्तनात निरूपणाला संतांचाच अभंग घेतला जातो, नवी रचना घेत नाहीत. तो शिस्तीचा भाग आहे, त्यात अपमान नाही. दशक्रियेच्या सकाळी घाटावर म्हणण्याचा विचार असेल तर तोही सोडा. पिंड ठेवलेले असतात, सगळ्यांची नजर कावळ्याकडे असते, एकीकडे प्रवचन चालू असतं. नवव्या रात्री किंवा दहाव्याच्या संध्याकाळी घरी म्हटलेला अभंग माणसं मनापासून ऐकतात.

आदल्या दिवशी मंडळाबरोबर एकदा पूर्ण म्हणून बघा. कागद मोठ्या अक्षरात छापा, पानाच्या एकाच बाजूला, प्रत्येक चरण वेगळा, ध्रुपद ठळक. म्हातारे टाळकरी चष्मा घरी विसरून येतात. दहा जणांना पाच कागद पुरतात.

घरच्या माणसाने सुरुवात करायची असेल तर त्याच्या शेजारी एक सवयीचा गाणारा बसवा आणि आधीच ठरवून ठेवा: आवाज थांबला की शेजारच्याने कडवं न उचलता ध्रुपद उचलायचं. ध्रुपद सगळ्यांना येत असतं, सगळे त्यात सामील होतात, तेवढ्यात पहिला माणूस पाणी पितो आणि पुढच्या कडव्याला परत येतो किंवा येत नाही. दोन्ही चालतं. पेटीवाल्याने तेवढा वेळ ओळ वाजवत राहावी, थांबू नये. अचानक शांतता झाली की सगळं घर रडायला लागतं आणि मग अभंग पुन्हा उभा राहत नाही.

ओवी

घरात जुन्या पिढीतल्या बायका असतील तर त्यांच्याकडे दुसरा साचा आहे. जात्यावरच्या ओव्यांत भावासाठी, आईसाठी, गेलेल्या नवऱ्यासाठी किती गायलं गेलंय याला सीमा नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात तेव्हा त्या रडण्यालाही लय असते, आणि तिथून ओवी फार लांब नाही. ओवीत अक्षरांचा हिशोब सैल, ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द घालून गळा लय जुळवतो. यमक मात्र पक्कं हवं:

माहेराच्या वाटं बाई बाभळीची गं सावली
हाक कुणाला मारू माझी दारात नाही माउली

ओवी कागदावर लिहायला बसू नका. मावशी-आत्यांना बसवा, पहिली ओळ द्या, दुसरी त्या देतील. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, नंतर उतरवून घ्या.

श्रद्धा वेगळी असेल तर

हे साचे एकाच पंथाचे नाहीत. फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण ओवीत आहे, ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ख्रिस्ती घरासाठी लिहायचं तर छंद तोच ठेवा, पण वैकुंठ, पिंड, मोक्ष असे शब्द तपासून काढा. आशेची जागा पुनरुत्थानाची असते, आणि तक्रारीला बायबलमधल्या स्तोत्रांचाच मोठा आधार आहे.

बौद्ध घरात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गाणं असेल तर साचा बदलतो. तिथे भीमगीतांच्या आणि जलशांच्या चाली कानात असतात. ‘आत्म्याला शांती’, ‘देवाघरी गेले’, ‘नशीब’ हे शब्द तिथे चुकीचेच आहेत, नुसते अप्रिय नव्हेत. अनित्यता, त्या माणसाने केलेलं काम, शिकवलेली मुलं, वाचलेली पुस्तकं यांवर कडवी बांधा. देवाला हाक मारायची जागा इथे नाही, म्हणून ध्रुपदात गेलेल्या माणसालाच हाक मारा.

नंतर

तेरावा झाला की अभंगाची एक स्वच्छ प्रत करा. खाली तिथी, तारीख, कोणी चाल सुचवली, कोणती पट्टी घेतली हे लिहा. वर्षश्राद्धाला पुन्हा म्हणायचा असतो आणि तेव्हा पट्टी कोणाला आठवत नाही. वर्षभरात एखादी ओळ खोटी वाटायला लागली तर ती बदला, पण जुनी ओळ खोडू नका, शेजारी नवी लिहा. प्रत पोथीतच ठेवा, खुणेच्या त्या तिकिटाजवळ.